घरच्या घरी दोन-चारच चोको लाव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात अठरा लिटरचा एक ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन आहे. त्याच्याभोवती बसून गेली काही वर्षं मी ओळखीच्या मुलींना, त्यांच्या आयांना आणि अलीकडे एक-दोन आजोबांनाही केक शिकवते. सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते चोको लाव्हाचे, म्हणजे कापताच आतून पातळ चॉकलेट वाहणाऱ्या छोट्या केकचे. तेच प्रश्न, विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, इथे उत्तरांसह लिहून ठेवते आहे.

ताई, मधलं चॉकलेट पातळ कसं राहतं? आत वेगळं काही घालतात का?

दोन रीती आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. फ्रान्समधले शेफ मिशेल ब्रास यांनी १९८१ साली केकच्या पिठात गोठवलेल्या गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमच्या दाट मिश्रणाचा) गोळा ठेवून भाजलं. बाहेर केक होतो, आत गोळा वितळतो. न्यूयॉर्कमध्ये शेफ जाँ-जॉर्ज व्हॉन्गेरिश्टेन यांनी १९८७ मध्ये जो प्रसिद्ध केला, त्यात गोळाबिळा नाही. एकच मिश्रण, पण ते मधोमध शिजायच्या आत ओव्हनमधून बाहेर काढायचं.

दुसऱ्या रीतीचं सगळं काम अंडं करतं. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो, बलक ६५ ते ७० च्या दरम्यान. साखर आणि बटर सोबत असलं की याला आणखी थोडा उशीर लागतो. कडकडीत तापलेल्या ओव्हनमध्ये वाटीच्या कडेचं मिश्रण हे तापमान केव्हाच ओलांडतं, मधलं मात्र अजून तिथवर पोचलेलं नसतं. त्या दोन-एक मिनिटांच्या फटीत केक बाहेर काढला की लाव्हा मिळाला. आपला अजिंक्यतारा ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तोही कधीकाळी असाच वरून थिजलेला आणि आतून वाहता होता. मुलांना शिकवताना मी हेच सांगते, लगेच समजतं.

दोन-चारच का करायचे? ओटीजी लावतोच आहोत तर डझनभर होऊन जाऊ देत की.

नणंदेच्या वाढदिवसाला मी एकदम बारा केले होते. मागच्या रांगेतले चार पूर्ण शिजून साधे केक झाले, मधले बरे निघाले आणि दाराजवळचे चार ताटलीत उलटताच पसरले. पाहुणे समोर बसलेले होते. त्या रात्री मला कळलं की घरच्या ओटीजीत उष्णता सगळीकडे सारखी नसते. मागे आणि तापणाऱ्या रॉडच्या जवळ जास्त, दाराच्या काचेजवळ कमी. साध्या केकला हा फरक पचतो. लाव्हा केकचा सगळा खेळ एका मिनिटाचा, त्याला तो पचत नाही.

शिवाय बारा गार वाट्या आत गेल्या की ओव्हनचं तापमान धाडकन उतरतं आणि पुन्हा चढायला वेळ घेतं. दोन किंवा चार वाट्या ट्रेच्या मधोमध ठेवल्या तर चारही सारख्या होतात. आणि हा पदार्थ थांबत नाही. वाटीतून निघाल्यावर दहा मिनिटांत आतला भाग घट्ट व्हायला लागतो. जेवढी माणसं त्या क्षणी चमचा हातात घेऊन बसली आहेत तेवढेच करावेत. सहा माणसं असतील तर तीन-तीनच्या दोन खेपा करा. दुसरी खेप होईपर्यंत पहिल्या तिघांच्या ताटलीकडे बघत बसण्यातही मजा असते.

दोन केकचं अचूक प्रमाण द्या ना. वाटी-चमच्यात नको, वजनात.

वजनातच देते, कारण दोन केकच्या प्रमाणात पाच ग्रॅम मैदा इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो. छोटा डिजिटल काटा घ्याच.

अंड्याचा प्रकार : डार्क चॉकलेट ६० ग्रॅम, बिनमिठाचं बटर ५० ग्रॅम, एक अख्खं अंडं आणि एक जादा बलक, साखर २५ ग्रॅम, मैदा १२ ग्रॅम, मिठाची कणी. चॉकलेट आणि बटर एका भांड्यात घालून ते भांडं उकळतं पाणी असलेल्या पातेल्यावर ठेवायचं. भांड्याचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही. वितळलं की खाली उतरवून बोट सहज लावता येईल इतकं कोमट होऊ द्यायचं. दुसऱ्या भांड्यात अंडं, बलक, साखर आणि मीठ हाताच्या फेटणीने दोन मिनिटं फेटायचं. रंग फिकट होईपर्यंत, बस्स. बीटरने भरपूर फुगवलंत तर केक फुगून वर तडा जातो आणि लाव्हा त्या तड्यातून बाहेर येतो. आता चॉकलेट अंड्यात ओता, हलवा, मैदा चाळून घाला आणि पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा. साधारण १५० मिलिच्या दोन वाट्या पाऊणएक भरतात.

अंडी फ्रिजमधून काढून थेट वापरू नका. साताऱ्यात डिसेंबरच्या रात्री ओट्यावर ठेवलेलं अंडंही गारच असतं, म्हणून मी ती पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवते. गार अंड्यावर चॉकलेट पडलं की बटर थिजून मिश्रण दाणेदार होतं.

भाजायचं २२० अंशांवर, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये, अॅल्युमिनियमच्या वाटीत ९ ते ११ मिनिटं. यातली नेमकी मिनिटं तुमची तुम्हाला शोधावी लागतील. ते पुढे सांगते.

आमच्याकडे अंडं चालत नाही. बिनअंड्याचा होतो का?

होतो, आणि चांगला होतो. फक्त अंड्याचाच केक अंडं वगळून अर्धवट भाजायचा, असं करू नका. हे मी फार कळकळीने सांगते, कारण बहुतेक घरी हीच चूक होते. अंडं नसलं की मध्ये जे पातळ राहतं ते कच्चं पीठ असतं. ते टाळूला चिकटतं, चव पिठूळ लागते आणि कच्चा मैदा पोटालाही चांगला नाही, कारण दळल्यानंतर तो कुठेच शिजवलेला नसतो. इथे मिशेल ब्रास यांची रीत कामाला येते. केक पूर्ण भाजायचा, आणि पातळपणा आत लपवलेल्या गनाशमधून आणायचा.

दोन केकसाठी आधी गनाश करा. ३० ग्रॅम डार्क चॉकलेटचे बारीक तुकडे आणि २० ग्रॅम फ्रेश क्रीम. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवून चॉकलेटवर ओतायचं, एक मिनिट झाकून ठेवायचं, मग मधून सुरुवात करून हलवायचं. चकचकीत झालं की दोन भाग करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा आणि फ्रीझरमध्ये तीन तास ठेवा. तीन म्हणजे तीन. तासाभरात बाहेर काढलेला गोळा पिठात लगेच विरघळतो आणि मग मध्ये लाव्हाऐवजी ओलसर डाग सापडतो.

पिठासाठी मैदा ४० ग्रॅम, कोको पावडर १० ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम, पाव चहाचमचा बेकिंग पावडर, चिमूटभर खायचा सोडा, ६५ मिलि दूध, त्यात एक चहाचमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, आणि २५ ग्रॅम तेल किंवा वितळवलेलं बटर. कोरडं सगळं दोनदा चाळा, पावसाळ्यात तर तीनदा, कोकोच्या गुठळ्या होतात. ओलं घालून हलक्या हाताने एकजीव करा. वाटीत निम्मं पीठ, त्यावर गोठलेला गोळा, त्यावर उरलेलं पीठ. गोळा चारही बाजूंनी झाकला गेला पाहिजे. १९० अंशांवर १४ ते १६ मिनिटं. कडेला टूथपिक घालून बघा, कोरडी निघाली की झालं.

श्रावणात आमच्याकडे हाच होतो. आणि खरं सांगायचं तर ज्यांनी दोन्ही खाल्ले त्यातल्या बऱ्याच जणांना हाच जास्त आवडतो, कारण केक आणि लाव्हा यांतला फरक जिभेला स्पष्ट कळतो.

कोणतं चॉकलेट आणू? दुकानदार म्हणतात सगळी सारखीच.

सारखी नसतात. बेकिंगच्या सामानाच्या दुकानात अर्धा किलोची जी स्वस्त स्लॅब मिळते ती बहुतेक वेळा कंपाउंड असते. म्हणजे त्यात कोको बटर नसतं किंवा नावापुरतं असतं, त्याऐवजी वनस्पती तेलाची घट्ट केलेली चरबी असते. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं खाली. म्हणून खरं चॉकलेट जिभेवर ठेवताच विरतं. कंपाउंडमधली चरबी बहुधा त्याहून जास्त उष्णतेला वितळते, आणि लाव्हा जरासा निवला की टाळूवर मेणासारखा पापुद्रा राहतो. साच्यात घालून आकार पाडायला कंपाउंड उत्तम, त्याला टेम्परिंग (चकाकीसाठी ठरावीक तापमानाला गरम-गार करणं) लागत नाही. पण ज्या पदार्थात चॉकलेट हीच चव आणि चॉकलेट हाच रस, तिथे खरं चॉकलेट घाला. दोन केकना ६० ग्रॅमच तर लागतं. थोडे करण्याचा हा मोठा फायदा आहे.

वेष्टनामागची यादी वाचा. कोको सॉलिड्स आणि कोको बटर वर असेल आणि हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट कुठेच नसेल तर ते घ्या. साताऱ्यातल्या राजपथावरच्या किंवा गल्लीतल्या साध्या किराणा दुकानातही अमूलचं ५५ टक्क्यांचं डार्क चॉकलेट मिळून जातं, माझं काम बहुतेक वेळा त्याच्यावरच भागतं. ७० टक्क्यांच्या पुढचं वापरत असाल तर साखर पाच ग्रॅमने वाढवा. मिल्क चॉकलेट या प्रमाणात घेऊ नका, फार गोड होतं आणि कोको कमी असल्यामुळे लाव्हा चॉकलेटचा न वाटता साखरेच्या पाकासारखा वाटतो.

चॉकलेटवर पांढरा थर आलाय. बुरशी का?

बहुधा नाही. उन्हाळ्यात घरात चॉकलेट मऊ होतं, रात्री पुन्हा थिजतं, आणि त्यात कोको बटर पृष्ठभागावर येऊन पांढरं दिसतं. सांगलीकडच्या मैत्रिणीकडे एप्रिल-मेमध्ये हे हमखास होतं. वितळवायचंच आहे, बिनधास्त वापरा. वास कुबट असेल किंवा थर केसाळ दिसत असेल तर मात्र टाका.

माझ्या ओटीजीत नेमकी किती मिनिटं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

प्रत्येक जण आपल्या ओव्हनबद्दल खरंच सांगत असतो, म्हणून ते वेगळं असतं. ओटीजीच्या बटणावर २२० लिहिलं असलं तरी आत दहा-वीस अंशांचा फरक सहज असतो. ओटीजीवरचा छोटा दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असंही नाही. हवा तापलेली असते, भिंती आणि ट्रे नाही. मी दिवा विझल्यावर आणखी पाच-सात मिनिटं थांबते. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो. बेकिंगवर खर्च करायचाच असेल तर नक्षीदार साच्यांच्या आधी तो घ्या.

मग एक दिवस फक्त चाचणीसाठी ठेवा. दुप्पट प्रमाण करून चार सारख्या वाट्या भरा, ट्रेच्या मधोमध ठेवा, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू. आठव्या मिनिटाला एक काढा, मग नऊ, दहा, अकरा. प्रत्येक एक मिनिट थांबवून उलटा आणि मधोमध कापा. दार उघडल्यामुळे थोडी उष्णता जाते, त्यामुळे हा अंदाज पक्का नसतो, पण पुढच्या वेळी एका मिनिटाच्या आत तुम्ही बरोबर असता. वहीत लिहून ठेवा : कोणती वाटी, किती ग्रॅम पीठ, कोणता कप्पा, किती मिनिटं, पीठ फ्रिजमधलं की बाहेरचं. माझ्या वहीत माझ्या ओव्हनचं उत्तर साडेनऊ मिनिटं आहे. मावशीच्या घरी त्याच वाट्या, तेच पीठ, बारा मिनिटं लागली.

घड्याळाबरोबर डोळेही वापरा. कडा मॅट आणि घट्ट दिसल्या पाहिजेत, वाटीपासून किंचित सुटायला लागलेल्या. मधे बंद्या रुपयाएवढा भाग अजून ओलसर चमकत असावा आणि वाटी हलवली की तेवढाच थरथरावा. सगळाच पृष्ठभाग डुलत असेल तर एक मिनिट आणखी. काहीच हलत नसेल तर आजचा लाव्हा हुकला, पण मऊ चॉकलेट केक मिळाला, तो वाटीतच आइस्क्रीम घालून खा.

ओव्हन नाही. कढईत किंवा कुकरमध्ये जमेल?

बिनअंड्याचा जमेल. जाड बुडाच्या जुन्या कढईत वाटीभर मीठ पसरायचं, त्यावर जाळी किंवा स्टीलची रिंग, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापवायचं. मग वाट्या ठेवून मंद-मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटं. ते मीठ पुढे याच कामाला ठेवा, आमटीत घालू नका.

कढईत उष्णता मुख्यतः खालून येते आणि २२० अंश सतत टिकत नाहीत, म्हणून अंड्याच्या प्रकारात कडा शिजेपर्यंत मधलाही शिजतो. त्याच्या नादी लागू नका. रोजचा कुकर तर या कामाला काढूच नका. कोरडा तापवल्याने त्याचा धातू आणि झाकण दोन्ही खराब होतात. जुनाच कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायला विसरू नका.

मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभरात होतो असं म्हणतात.

मगमधला केक होतो. मायक्रोवेव्ह कडेपासून आत अशी शिस्त पाळत नाही, त्यामुळे कुठे रबर आणि कुठे कच्चं असं होतं. कन्व्हेक्शन मोड (गरम हवा पंख्याने फिरवणारा) असेल तर तो ओव्हनच आहे, तो वापरा, वीस अंश कमी ठेवून.

रॅमेकिनच (ओव्हनमध्ये चालणाऱ्या चिनी मातीच्या छोट्या वाट्या) पाहिजेत का? घरच्या स्टीलच्या वाट्या चालतील?

चालतात. माझ्या पहिल्या कितीतरी खेपा आमटीच्या वाट्यांमध्ये झाल्या. मात्र उष्णता पटकन आणि सारखी पोचवण्यात अॅल्युमिनियम स्टीलच्या पुढे आहे, म्हणून पुडिंगचे छोटे अॅल्युमिनियम साचे मिळाले तर तेच घ्या. चिनी मातीची रॅमेकिन उशिरा तापते, तिला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात आणि बाहेर काढल्यावरही ती आतून शिजवत राहते. उलटायचा नसेल, वाटीतच खायचा असेल, तेव्हा ती सुंदर. ओव्हनसाठी असल्याचं लिहिलेलं नसेल असा चहाचा कप मात्र आत ठेवू नका, तडकतो.

वाटीला आतून मऊ बटर लावा, अगदी कोपऱ्यापर्यंत, आणि वरून कोको पावडर भुरभुरवून जादाची झटकून टाका. मैदा भुरभुरवलात तर काळ्या केकवर पांढरे डाग दिसतात. वाटीच्या तळाला बटर पेपरचा गोल तुकडा घातला की उलटताना जीव धाकधूक होत नाही.

वितळवताना चॉकलेट एकदम घट्ट, रवाळ झालं. काय चुकलं?

पाणी. वाफेचा एक थेंब, ओला चमचा, नीट न पुसलेलं भांडं, एवढंच पुरतं. चॉकलेटमधली साखर आणि कोको त्या थेंबाभोवती गोळा होतात आणि सगळं चिखलासारखं बसतं. खालचं पाणी खदखदू देऊ नका, आच बंद करून त्या उष्णतेवरच वितळू द्या. झालंच तर फेकू नका. गरम दूध एकेक चमचा घालत हलवत राहा, पुन्हा गुळगुळीत होतं. आता ते केकच्या पिठात नको, पण सॉस म्हणून किंवा बिनअंड्याच्या केकमधला गोळा करायला छान.

फ्रेश क्रीमऐवजी घरची साय चालेल?

चालेल, पण तशीच घातली तर गनाशमध्ये तंतू लागतात. साय थोड्या कोमट दुधात चमच्याने रगडून गाळणीतून काढा. मिक्सरला लावू नका, लोणी सुटतं. म्हशीच्या दुधाची साय असेल तर गनाश इतकं दाट होतं की चॉकलेट पाच ग्रॅम कमी केलं तरी चालतं. आणि साय ताजी हवी. विरजणासाठी साठवलेली आंबट साय नको.

खारं बटर? तूप? गूळ?

खारं बटर चालेल, वरची मिठाची कणी वगळा. तुपात पाणी नसतं, म्हणून ५० ग्रॅम बटरऐवजी ४० ग्रॅम तूप पुरे. पण कढवलेल्या तुपाचा वास चॉकलेटवर चढतो. मला तो इथे रुचत नाही, कुणाला आवडेलही.

गुळाबद्दल कऱ्हाड-सांगलीकडच्या मैत्रिणी हटकून विचारतात. गूळ पावडर चाळून, साखरेच्या जागी तेवढीच, बिनअंड्याच्या पिठात घालून बघा. रंग गडद येतो, चव खमंग लागते आणि केक जास्त ओलसर राहतो. गुळात स्वतःचा ओलावा असतो म्हणून दूध एक चमचा कमी करा. गनाशच्या गोळ्यात मात्र गूळ घालू नका.

कंदी पेढ्याचा लाव्हा होईल का? साताऱ्याचं काहीतरी करायचंय.

मीही करून बघितला. अख्खा पेढा मध्ये ठेवला तर तो वितळत नाही, कारण तो भाजलेल्या खव्याचा, कमी पाण्याचा आणि दुधातल्या घन भागाचा बनलेला. चॉकलेटसारखी वितळणारी चरबी त्यात फार नाही. केक कापला की आत गरम पेढा सापडतो, चांगला लागतो, पण वाहत नाही.

वाहता करायचा तर दोन पेढे कुस्करून तीन मोठे चमचे क्रीममध्ये मंद आचेवर हलवा. गुठळ्या मोडून दाट बासुंदीसारखं झालं की वेलची न घालता गोठवा (पेढ्यात ती असते). हा गोळा बिनअंड्याच्या पिठात ठेवायचा आणि पिठातली साखर ३० ग्रॅमवर आणायची. आतून येतो तो रस चॉकलेटइतका पातळ नसतो, रबडीसारखा सावकाश उतरतो. पण भाजलेल्या खव्याची ती करपट गोडी आणि कोकोचा कडूपणा एकमेकांना इतके धरून राहतात की दिवाळीत घरच्यांसाठी मी आता हाच करते.

स्ट्रॉबेरी आत घातली तर?

आत नको. फळात पाणी भरपूर असतं, ते उष्णतेने सुटतं आणि केकच्या मध्ये ओलं भगदाड पडतं. बाहेर द्या. आणि इथे राहून बाहेर दिली नाही तर मग कुठे द्यायची? महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, तिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, थंडी पडली की खाली आपल्या बाजारात टोपल्यांनी येते आणि मार्चपर्यंत भरपूर असते. पाचगणीजवळच्या भिलारला, पुस्तकांच्या गावी, पुस्तकं बघायला गेलेली माणसंही परतताना एक खोकं घेऊनच येतात.

दोन केकसाठी शंभर ग्रॅम पुरे. पूर्ण लाल, देठापर्यंत लाल, लहान निवडा. मोठ्या टपोऱ्या दिसायला छान, पण लहानांना वास जास्त. धुऊन, पुसून, चार फोडी, दोन चहाचमचे साखर, लिंबाचे चार थेंब. वीस मिनिटं ओट्यावर तशाच राहू द्या, शिजवू नका. त्यांचा त्यांनाच रस सुटतो. केकच्या बाजूला फोडी आणि रस, क्रीमही लागत नाही. चॉकलेटचा जडपणा त्या आंबटपणाने धुऊन निघतो आणि दुसरा घास पहिल्याइतकाच ताजा लागतो. हंगामाच्या शेवटी ती जास्त गोड आणि मऊ होते, तेव्हा साखर निम्मी करा.

हंगाम नसताना बाटलीतला क्रश वापराल तर तो आधीच खूप गोड असतो, लिंबू वाढवा. महाबळेश्वरची तुती मिळाली तर जरूर घ्या, चॉकलेटशी तिचं फार जमतं. सांगलीकडच्यांनी तासगावचा बेदाणा संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवून बाजूला द्यावा. बेदाणा फुगून टचटचीत होतो.

पाचगणीच्या घरी केक केला की वर फाटतो. हवेमुळे का?

उंचीमुळे. सातारा शहर सातशे मीटरच्या थोडं वर आहे, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, पाचगणी त्याच्या थोडी खाली. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे पिठातले बुडबुडे जास्त फुगतात, आणि पाणीही १०० ऐवजी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून ओलावा लवकर उडतो. बिनअंड्याच्या पिठात बेकिंग पावडर थोडी कमी करा, दूध एक चहाचमचा वाढवा. अंड्याच्या प्रकारात बेकिंग पावडर नसतेच. तिथे फक्त फेटणं कमी करा.

उलटताना फुटतो. किती वेळ थांबायचं?

पूर्ण एक मिनिट. लगेच उलटला तर कडा अजून नाजूक असतात, पाच मिनिटं थांबलात तर वाटीच्या उष्णतेने आतलं शिजत जातं. सुरी कडेने एकदा फिरवा, ताटली वर पालथी घाला, दोन्ही घट्ट धरून एका झटक्यात उलटा आणि दहा आकडे मोजून वाटी उचला. ताटली कोमट असू द्या.

पाहुणे येणार आहेत. आधी करून ठेवता येतो का? आणि ऐन वेळी वीज गेली तर?

पीठ वाटीत भरून, झाकून, फ्रिजमध्ये एक दिवस राहतं. बिनअंड्याचं मात्र नाही, त्यातला सोडा ओलं होताच काम सुरू करतो, तो वाट बघत नाही. त्याचा फक्त गोळा आधी करा. तो फ्रीझरमध्ये घट्ट डब्यात महिनाभर चांगला राहतो. फ्रिजमधल्या वाट्या अर्धा तास आधी बाहेर काढा, किंवा थेट घातल्या तर दीड-दोन मिनिटं वाढवा.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज अशीच जाते, म्हणून पाहुणे जेवायला बसले की मी ओव्हन लावते, ताटं उचलताना वाट्या आत. भाजता भाजता गेलीच तर दार उघडू नका. पाच मिनिटांत आली तर केक वाचतो, घड्याळ सोडून डोळ्यांवर विश्वास ठेवायचा. बाराशे वॅटचा ओटीजी तापवण्यासह पंचवीस मिनिटं चालला तरी अर्ध्या युनिटच्या आसपासच वीज जाते. जोडणी मात्र मोठ्या, सोळा अँपिअरच्या प्लगवर करा, एक्स्टेन्शन बोर्डवर नको.

लहान मुलांना, गरोदर मुलीला दिला तर चालेल?

बिनअंड्याचा द्या. अंड्याच्या प्रकारात मधला भाग मुद्दाम ७१ अंशांच्या खाली ठेवलेला असतो, आणि साल्मोनेलाचे जंतू नक्की मरायला तेवढी उष्णता लागते. धडधाकट माणूस ताज्या अंड्यावर ही जोखीम घेतो. लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेले यांच्यासाठी मी ती घेत नाही. माझ्या वर्गात याला अपवाद नाही.

घरून विकायला सुरुवात करू का?

चॉकलेट केक विका, ब्राउनी विका. लाव्हा डब्यात बंद करून आमच्या साताऱ्यातल्या पोवई नाक्यापर्यंत गेला तरी वाफेने वर ओला होतो आणि आत थिजतो. विकायचाच असेल तर बिनअंड्याचा, फॉइलच्या कपात पूर्ण भाजलेला द्या आणि घरी गरम कसा करायचा ते चिठ्ठीवर लिहा. कच्चं अंड्याचं पीठ कुणाला भाजायला देऊ नका. आणि घरगुती असला तरी खाद्यव्यवसायाला अन्न सुरक्षा कायद्याखाली एफएसएसएआय या सरकारी संस्थेची नोंदणी लागते, ती आधी करा.

उरला तर दुसऱ्या दिवशी?

बिनअंड्याचा फ्रिजमध्ये ठेवा आणि मायक्रोवेव्हमध्ये पंधरा-वीस सेकंद गरम करा, गोळा पुन्हा वाहतो. अंड्याचा उरलेला पुन्हा गरम केला की आतूनही शिजतो. मी तो त्याच रात्री फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी गारच खाते. आतलं चॉकलेट तोवर फजसारखं घट्ट झालेलं असतं, पातळ काप करून कोऱ्या कॉफीबरोबर छान लागतं.